गारगोटीहून दिल्लीला गेलेले आचार्य

दरवर्षी ५ सप्टेंबरला शाळाशाळांतून डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या तसबिरीला हार घातले जातात, आदर्श शिक्षकांचे सत्कार होतात आणि शिक्षकी पेशा हे कसे व्रत आहे, यावर भाषणे झडतात. याच तारखेला, १९०७ साली, कोल्हापूर जिल्ह्याच्या आजरा तालुक्यातील बहिरेवाडी या खेड्यात आणखी एका शिक्षणतज्ज्ञाचा जन्म झाला होता, याची आठवण त्या दिवशी फारशी कोणाला होत नाही. दहावी, बारावी आणि मग तीन वर्षांची पदवी ही आज अंगवळणी पडलेली रचना ज्या अहवालाने देशापुढे मांडली, त्या अहवालाच्या लेखनाचा मोठा भार या गृहस्थांनी वाहिला. युनेस्कोने जगभरातील शंभर शिक्षणचिंतकांची चरित्रे प्रसिद्ध केली, तेव्हा महात्मा गांधी आणि रवींद्रनाथ यांच्याबरोबर त्यांचाही समावेश केला. आचार्य जे. पी. नाईक हे त्यांचे नाव. देशाच्या राजकारणात जे. पी. म्हटले की जयप्रकाश नारायण आठवत. शिक्षणाच्या क्षेत्रात मात्र जे. पी. म्हणजे नाईक.

त्यांचे मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. जयंत पांडुरंग नाईक हे नाव त्यांनी नंतर धारण केले आणि तेच कायम राहिले. ते दहा वर्षांचे असताना, १९१७ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. पुढे आयुष्यभर सक्तीच्या शिक्षणाचा प्रश्न ज्याचा पिच्छा पुरवणार होता, त्या मुलाचे बालपण या अशा मुलुखात गेले, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. उच्च शिक्षणासाठी ते धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात गेले. विषय गणित. हुशार, गणितात गती असलेला, खेड्यातून आलेला असा पदवीधर त्या काळी सरकारी नोकरीच्या पायरीवर सहज उभा राहू शकला असता. त्याऐवजी १९३०च्या सविनय कायदेभंगात ते उतरले आणि बळ्ळारीच्या तुरुंगात गेले. तुरुंगात त्यांनी आजारी कैद्यांची शुश्रूषा केली, त्यासाठी वैद्यकाची पुस्तके वाचली आणि निरक्षर कैद्यांना अक्षरे शिकवली. शाळा नसलेल्या ठिकाणी त्यांची मास्तरकी सुरू झाली ती अशी.

सुटकेनंतर १९३२ मध्ये ते धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरी या गावी जाऊन राहिले. पुढली काही वर्षे शाळा, आरोग्य, स्वच्छता, शेती अशा सगळ्या आघाड्यांवर त्यांनी त्या एका गावात काम केले. गावात राहून केलेल्या या कामातून एक धडा त्यांनी घेतला, तो त्यांच्या पुढच्या प्रत्येक योजनेत दिसतो. शिक्षण ही गावाच्या बाकीच्या जगण्यापासून तोडून देता येणारी गोष्ट नाही. मूल शाळेत का येत नाही याचे उत्तर पुष्कळदा शाळेत नसून शेतात, गोठ्यात किंवा घरातल्या आजारपणात असते. नंतर चाळिशीच्या दशकात ते कोल्हापूर संस्थानात आले आणि विकासकामांच्या प्रशासकीय जबाबदाऱ्या त्यांनी सांभाळल्या. त्याच काळात, १९४३ मध्ये, सय्यद नुरुल्ला यांच्यासह लिहिलेला ब्रिटिश अमदानीतील भारतीय शिक्षणाचा इतिहास प्रसिद्ध झाला. शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी हा ग्रंथ किंवा त्याची संक्षिप्त आवृत्ती वापरली आहे. १९४८ मध्ये त्यांनी मुंबईत भारतीय शिक्षण संस्था ही संशोधन संस्था स्थापन केली. शिक्षणाचे शास्त्रशुद्ध संशोधन करणाऱ्या संस्था तेव्हा देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या.

मौनी महाराजांच्या नावाने

कोल्हापूरच्या दक्षिणेस सुमारे पन्नास किलोमीटरवर, वेदगंगेच्या काठी गारगोटी आहे. भुदरगड तालुक्याचे हे ठाणे. तालुक्याच्या पश्चिमेला सह्याद्रीचा पाऊस, भाताची खाचरे, आणि त्याच अंगाला पाटगाव. जिथल्या मौनी महाराजांच्या दर्शनाला छत्रपती शिवाजी महाराज गेले होते. डिसेंबर १९४२ मध्ये गारगोटीच्या कचेरीवर क्रांतिकारकांनी हल्ला केला, त्यात सात जण हुतात्मे झाले. गारगोटी म्हणजे चकमकीचा दगड, आपटला की ठिणगी उडते. गावाच्या नावाचा हा अर्थ त्या घटनेनंतर अनेकांना नव्याने कळला असेल. स्वातंत्र्य मिळाल्यानंतर काही वर्षांतच याच गावात श्री मौनी विद्यापीठ उभे राहू लागले. कोल्हापूरचे डॉ. व्ही. टी. पाटील आणि नाईक हे या उभारणीतले प्रमुख. बोलून-बोलून शिकवणाऱ्यांच्या संस्थेला न बोलणाऱ्या साधूचे नाव, यातली गंमत संस्थापकांच्या लक्षात आली नसेल असे नाही.

मुंबईत संस्था चालवणारा, इतिहासाचा ग्रंथ लिहिणारा माणूस पन्नाशीच्या दशकात गारगोटीत येऊन राहिला, यामागे एक निश्चित विचार होता. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४९ मध्ये ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली होती. डेन्मार्कमध्ये शेतकऱ्यांच्या मुलांसाठी निघालेल्या लोकविद्यालयांनी तो देश कसा बदलला, याचा दाखला त्यामागे होता. खेड्यातील हुशार मुलगा शिकला की शहरात जातो, आणि शहरात शिकलेला मुलगा खेड्यात येत नाही; मग शिक्षण वाढेल तितके खेडे रिकामे होणार, हे दुष्टचक्र तोडायचे होते. पुढे डॉ. के. एल. श्रीमाळी यांच्या समितीच्या शिफारशीवरून केंद्र सरकारने १९५६ मध्ये देशात दहा ग्रामीण शिक्षणसंस्था सुरू केल्या. श्रीनिकेतन, जामिया मिलिया, गांधीग्राम, उदयपूर अशा नामवंत ठिकाणांच्या यादीत गारगोटीचे नाव होते. महाराष्ट्रात दुसरी संस्था अमरावतीला निघाली.

या संस्थांत तीन वर्षांची ग्रामसेवा पदविका होती, स्थापत्य व ग्रामीण अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम होता, शेतीचा होता, स्वच्छता निरीक्षकाचाही होता. गारगोटीत त्याच्या जोडीला शाळा होत्या आणि शिक्षकांचे प्रशिक्षण होते. या सगळ्यात नाईकांच्या बरोबर चित्राताई होत्या. मूळच्या पुण्याच्या, शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या चित्रा नाईक यांनी या खेड्यात राहून काम केले, हे त्या काळात साधे नव्हते. पुढे त्या राज्याच्या शिक्षण संचालक झाल्या, नियोजन आयोगाच्या सदस्य झाल्या, ‘पद्मश्री’ने गौरवल्या गेल्या, पण त्यांच्या नंतरच्या कामाची मुळे शोधायची तर गारगोटीला यावे लागते.

शिक्षक कसा घडतो, हा या प्रयोगातला खरा प्रश्न होता. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने फार पूर्वी सांगून ठेवले होते की सद्गुण उपदेशाने येत नाहीत. वाद्य वाजवून वाजवून वादक व्हावे, तसा न्यायाने वागून वागून माणूस न्यायी होतो. सुख म्हणजे आरामही नव्हे. आपल्या वाट्याला आलेले काम उत्तम रीतीने करत जगणे हेच त्याच्या लेखी जीवनाचे साफल्य. नाईकांनी या तत्त्वज्ञानाचा दाखला दिला असो वा नसो, गारगोटीची मांडणी याच समजुतीवर होती. शिक्षक होऊ पाहणाऱ्या तरुणाला सहनशीलता, समता, श्रमाची चाड यांवर व्याख्याने देऊन भागत नाही. ज्या मुलांना शिकवायचे त्यांच्या गावात, त्यांच्या शेतीच्या हंगामाचे वेळापत्रक पाळत त्याने काही काळ काढला, तर त्यातले थोडे तरी अंगी लागते. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे शेतकरी वर्गातून शिक्षक घ्यावेत आणि त्यांना पगार चांगला द्यावा, अशी मागणी केली होती. शिक्षणाचा इतिहास लिहिणाऱ्या नाईकांना हे ठाऊक असणारच.

मात्र ग्रामीण शिक्षणसंस्थांचा प्रयोग मूळ स्वरूपात टिकला नाही. दोष शिकवण्यात होता असे म्हणता येत नाही. अडचण मान्यतेची होती. तीन वर्षे शिकून मिळालेल्या पदविकेला नोकरीच्या बाजारात आणि विद्यापीठांच्या दारात पदवीइतका मान मिळेना. खेड्यातल्या बापाने पोटाला चिमटा काढून मुलाला शिकवले, ते शहरातल्या मुलाला मिळतो तोच कागद त्यालाही मिळावा म्हणून. त्याला वेगळा, ग्रामीण म्हणून चांगला असा कागद नको होता. त्याचे काय चुकले? देशभरातल्या या संस्था एकामागून एक विद्यापीठांशी संलग्न झाल्या किंवा त्यांची कृषी महाविद्यालये, तंत्रनिकेतने झाली. कोल्हापुरात १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. गारगोटीच्या परिसरात महाविद्यालय, तंत्रनिकेतन, शाळा यांची गजबज राहिली आणि भुदरगडच्या डोंगराळ भागातील मुलामुलींना घराजवळ उच्च शिक्षण मिळाले, हे यशही लहान नव्हे. फक्त ते मूळ संकल्पनेहून निराळे होते.

एक रुपयाचा सल्लागार

१९५९च्या सुमारास नाईक दिल्लीला केंद्रीय शिक्षण मंत्रालयात प्राथमिक शिक्षणाचे सल्लागार म्हणून गेले. ते नाममात्र एक रुपया मानधन घेत, असे त्यांच्याबद्दल सांगितले जाते. साधी राहणी आणि कामाचा प्रचंड उरक, या दोन गोष्टींबद्दल त्यांच्या सहकाऱ्यांत एकमत होते. १९६४च्या जुलैमध्ये डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला, तेव्हा नाईक त्याचे सदस्य-सचिव झाले. आयोगाने २ ऑक्टोबर १९६४ला कामास आरंभ केला. देशभर दौरे झाले, सुमारे नऊ हजार लोकांशी चर्चा झाल्या, बारा कृतिदले आणि सात कार्यगट नेमले गेले. ब्रिटन, अमेरिका, रशिया, फ्रान्स आणि जपान येथील तज्ज्ञही आयोगात होते. २९ जून १९६६ रोजी अहवाल सादर झाला. प्राथमिक शाळेपासून विद्यापीठापर्यंत आणि शेतीपासून विज्ञानापर्यंत शिक्षणाचा असा साकल्याने विचार त्यापूर्वी एकाही आयोगाने केला नव्हता.

या अहवालातला शिक्षकांविषयीचा भाग आजही मुळातून वाचावा असा आहे. शिक्षकाची गुणवत्ता, त्याची पात्रता आणि त्याचे चारित्र्य यांवर शिक्षणाचा दर्जा सर्वाधिक अवलंबून असतो, ही त्याची भूमिका. इथपर्यंत कोणीही येईल; शिक्षकदिनाची भाषणे इथेच संपतात. आयोग मात्र इथून सुरुवात करतो. चारित्र्य हवे तर चांगली माणसे या पेशात यायला हवीत, आणि ती यायची तर त्यांना सन्मानाने जगता येईल इतके वेतन हवे. सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि खासगी शाळांतल्या शिक्षकांना समान वेतन आणि समान सेवाशर्ती असाव्यात. निवृत्तिवेतन, विमा आणि भविष्यनिर्वाह निधी असे तिहेरी संरक्षण असावे. ग्रामीण भागात शिक्षकांसाठी निवासस्थाने हवीत. शिक्षकांना निवडणूक लढवण्याचे आणि सार्वजनिक जीवनात भाग घेण्याचे स्वातंत्र्य असावे. आणि याच्याच जोडीला, खासगी शिकवण्यांना आळा घालावा. हक्क आणि जबाबदारी यांचा असा एकत्र हिशेब त्या अहवालात आहे.

स्वतः एक रुपयावर काम करणाऱ्या माणसाच्या हाताखालून हा मजकूर गेला, याला विशेष अर्थ आहे. आपल्याकडे त्यागी माणसांची एक जुनी खोड असते. स्वतः पाळलेले व्रत ते इतरांवरही लादतात. मास्तराने पगाराकडे पाहू नये, विद्यादान हे दान आहे, असे सांगणारे पुष्कळ असतात आणि त्यात संस्थाचालक अधिक असतात. नाईकांनी स्वतःचे वैराग्य स्वतःपुरते ठेवले आणि देशातल्या लाखो शिक्षकांसाठी रोख वेतनश्रेणी मागितली. संसार असलेल्या, मुले शिकवायची असलेल्या, म्हाताऱ्या आईवडिलांना पैसे पाठवणाऱ्या माणसालाही या पेशात समाधान मिळाले पाहिजे, ते केवळ संन्याशांसाठी राखून ठेवता येत नाही, ही जाण त्यामागे होती. त्यांच्या चरित्रातली ही गोष्ट त्यांच्या साधेपणाच्या आख्यायिकांपेक्षा मोलाची आहे.

अहवालाचे पुढे काय झाले? १९६८ मध्ये पहिले राष्ट्रीय शिक्षण धोरण जाहीर झाले. नवा आकृतिबंध हळूहळू राज्यांनी स्वीकारला. महाराष्ट्रात १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. शिक्षकांची, विशेषतः महाविद्यालयीन प्राध्यापकांची, वेतने सुधारली. परंतु परिसरातील सर्व मुलांनी एकाच शाळेत जावे ही समान शाळेची कल्पना, शेजारच्या शाळांनी एकमेकींना आधार द्यावा ही शाळा संकुलाची योजना, शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च, या गाभ्याच्या शिफारशी कागदावर राहिल्या. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शाळा संकुल आणि सहा टक्के खर्च ही दोन्ही वाक्ये पुन्हा अवतरली, तेव्हा जुन्या अभ्यासकांना नवल वाटले नसावे. सोयीचे तेवढे घेतले गेले आणि अवघड ते मागे पडले.

१९६९ मध्ये भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली. डॉ. धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष आणि नाईक सदस्य-सचिव. या पदावर ते १९७८ पर्यंत होते. समाजशास्त्रांच्या संशोधनाला सरकारी पैसा आणि तरीही स्वायत्तता मिळवून देण्याचे काम त्यांनी तेथे केले. १९७४ मध्ये त्यांना ‘पद्मभूषण’ मिळाले.

त्रिकोण आणि त्याची चौथी बाजू

१९७५ मध्ये त्यांनी समता, गुणवत्ता आणि संख्या यांच्या त्रिकोणावर एक छोटेखानी पुस्तक लिहिले. ते त्यांच्या विचारांचा कळस मानले जाते. सर्वांना शिक्षण, समान शिक्षण आणि चांगले शिक्षण ही तिन्ही उद्दिष्टे भारताला एकदम हवी आहेत. पण ठरावीक वयात प्रवेश, दिवसभराची शाळा, एकामागून एक इयत्ता आणि पूर्णवेळ व्यावसायिक शिक्षक या साच्यात ती गरीब देशाला एकत्र साधणार नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणून साचाच बदला. कामाला जाणाऱ्या मुलाला त्याच्या सवडीने, अर्धवेळ, कोणत्याही वयात शिकू द्या. अनौपचारिक शिक्षणाचा त्यांचा आग्रह यातून आला. गुरे राखणारी मुलगी सकाळी अकरा वाजता शाळेत येऊ शकत नाही, तर शाळेने संध्याकाळी तिच्याकडे जावे, इतके ते सरळ होते.

याच ठिकाणी त्यांच्या विचारात एक पेच आहे आणि त्याकडे डोळेझाक करणे त्यांच्यावरही अन्याय ठरेल. गरिबांच्या मुलांसाठी रात्रीचा अर्धवेळ वर्ग आणि ऐपतदारांच्या मुलांसाठी दिवसाची पूर्ण शाळा, ही विषमतेला मान्यता तर नव्हे, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. दुसरा प्रश्न शिक्षकाचा. हे वर्ग चालवणार कोण? गावातलेच थोडे शिकलेले तरुण-तरुणी, अल्प मानधनावर. ज्या माणसाने शिक्षकाच्या वेतनासाठी लढा दिला, त्याच्याच योजनेत अल्प मानधनाचा शिक्षक आला. नाईकांच्या कल्पनेत हा साचा मोडण्याचा मार्ग होता, सरकारी खर्च वाचवण्याचा नव्हे. परंतु पुढच्या काळात अनेक राज्यांनी कंत्राटी शिक्षकांची पद्धत रूढ केली, महाराष्ट्रातही २००० मध्ये शिक्षणसेवक योजना आली, तेव्हा साचा तोच राहिला आणि स्वस्ताई तेवढी उचलली गेली. याचा दोष नाईकांच्या माथी मारता येत नाही. तरी शिक्षकाचे चारित्र्य आणि शिक्षकाची सुरक्षितता यांचा जो सांधा त्यांनी १९६६ मध्ये जुळवला होता, तो या योजनेत सैल झाला, असे म्हणावे लागते.

दिल्लीची कारकीर्द आवरत असताना त्यांनी भारतीय शिक्षण संस्थेचे पुण्यात पुनरुज्जीवन केले. ‘शिक्षण आणि समाज’ हे मराठी नियतकालिक सुरू झाले. त्याच वेळी आरोग्याच्या प्रश्नावरही ते काम करत होते. सामाजिक विज्ञान परिषद आणि वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून सर्वांसाठी आरोग्य या विषयावर जो पर्यायी आराखडा तयार केला, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. बळ्ळारीच्या तुरुंगातला शुश्रूषक पन्नास वर्षांनी असा पुन्हा कामाला लागला.

आयुष्याच्या अखेरीस त्यांनी कोठारी आयोगाकडेच पुन्हा मोर्चा वळवला. अहवाल लिहिणाऱ्यानेच त्याच्या यशापयशाचा पंचनामा करावा, हे आपल्याकडे क्वचितच घडते. कोणत्या शिफारशी स्वीकारल्या गेल्या, कोणत्या टाळल्या गेल्या आणि कोणत्या ठिकाणी आयोगाचाच अंदाज चुकला, हे त्यांनी तपासून लिहिले. सरकारला दूषणे देणे सोपे होते. त्यांनी आपल्या हस्ताक्षरातल्या शिफारशींनाही सोडले नाही. हे पुस्तक प्रसिद्ध झाले १९८२ मध्ये. ते पाहण्यास नाईक राहिले नाहीत. ३० ऑगस्ट १९८१ रोजी, चौऱ्याहत्तराव्या वाढदिवसाला सहा दिवस उरले असताना, त्यांचे निधन झाले.

मुंबई विद्यापीठाच्या विद्यानगरी परिसरात त्यांच्या नावाची वास्तू आहे. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला. राज्यघटनेने त्यासाठी घातलेली मुदत १९६०ची होती, आणि या अपुऱ्या राहिलेल्या कामावर नाईकांनी १९६६ मध्येच पुस्तक लिहिले होते. चित्राताई २०१० पर्यंत होत्या. नाईकांच्या मृत्यूनंतर त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत अनौपचारिक शिक्षणाचे वर्ग नेटाने चालवले. दिवसभर गुरांमागे आणि शेतात राबलेली मुले, त्यातही मुलीच अधिक, संध्याकाळी या वर्गांना येत. वर्ग किती वाजता भरायचा, हे त्या-त्या गावात ठरे.